मुलाणीबाईंची पट्टी

मुलाणीबाई नव्या माणसाचं नाव नंतर विचारायच्या, आधी हात मागायच्या. "हात दाखवा." माणूस गोंधळून तळहात पुढे करायचा. बाई तो उजेडाकडे वळवायच्या, अंगठ्याचं टोक चोळून बघायच्या आणि "बरं" किंवा "घाम फार येतो का?" एवढंच म्हणून सोडून द्यायच्या. पहिल्या दिवशी आलेल्या बऱ्याच जणांना वाटायचं, या बाईंना ज्योतिष येतं. एका सुपरवायझरने तर लग्न कधी जमेल असं विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "ते मला काय माहीत? तू वेफर्स खाऊन हात न धुता मालाला हात लावतोस, एवढं दिसतंय."

वरवे बुद्रुकच्या शिवारात, हायवे सोडून थोडं आत आमची शेड आहे. गियरबॉक्समध्ये बसणाऱ्या पोलादी पिना आम्ही करतो. बोटाएवढी पीन, घासून इतकी गुळगुळीत केलेली की तिच्यात तोंड दिसावं. अशा पोलादाला गंज चढायला फार काही लागत नाही, कुणी जवळ शिंकलं तरी पुरतं. बाई तिथे केमिस्ट होत्या. माल धुण्याचं रसायन, मशीनवर सोडायचं कूलंट आणि शेवटी माल ज्यात बुडवून पाठवतो ते रस्ट ऑइल, हे सगळं त्यांच्याकडे. माझ्याकडे स्टोअर आणि डिस्पॅच. मी प्रत्येक गोष्टीची यादी करते म्हणून त्या मला यादीबाई म्हणायच्या, आणि मी केलेल्या यादीत हटकून एक सुटलेली वस्तू दाखवायच्या.

त्या भोरच्या. वडिलांचं बाजारपेठेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. पुण्याला एम.एस्सी. करून बाई परत भोरलाच आल्या आणि शेवटपर्यंत एसटीने कापूरहोळ आणि तिथून मिळेल त्या वाहनाने वरवे असा प्रवास करत राहिल्या. पर्समध्ये डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली असायची, तिच्यात तेल. एसटीच्या खिडकीची काच अडकली की दोन थेंब सोडून ती सरकवायच्या. ओळखीचा कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, एकदा आख्ख्या गाडीचंच बघा की."

"ते तुमच्या डेपोनं बघायचं. मला वारा पाहिजे, म्हणून माझ्या खिडकीपुरतं मी बघितलं."

ऑफिसच्या कपाटाची बिजागरी, गेटची कडी, माझ्या छत्रीची काडी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. त्याबद्दल आभार मानलेले त्यांना आवडायचे नाहीत. "तुझ्यासाठी नाही केलं. कुरकुर ऐकवत नाही मला," म्हणायच्या.

गंज हा शब्द त्या सहसा वापरत नसत. सकाळी आल्या की पहिला प्रश्न, "लाल आला का?" पाहुणा आला का, अशा सुरात. आला असेल तर चिडायच्या नाहीत. लोखंडाबद्दल त्यांचं एक ठरलेलं मत होतं. लोखंड मातीतून काढलेलं आहे आणि त्याला परत मातीत जायचं आहे. त्यात त्याचा काही दोष नाही. "आपण त्याला फक्त थोडं थांब म्हणायचं. गिऱ्हाईक पेटी उघडेपर्यंत थांब."

तेल लोखंडाला कसं राखतं हे त्यांनी पॅकिंगच्या बायकांना एकदा समजावलं होतं. पावसाळा होता. शेडच्या मागच्या खिडकीतून खाचरं दिसतात, तिथे भाताची लावणी चालली होती. बायका म्हणत होत्या की जरा जाड तेल घेतलं की काम भागेल, थर जाड तर गंज कमी. बाईंनी सगळ्यांना खिडकीशी बोलावलं.

"जाड-पातळाचं तेवढं नाही. नुसतं तेल असेल तर पाणी हळूच त्याच्या खाली शिरतं. लोखंड राखतं ते तेलात घातलेलं औषध. ते भाताच्या रोपासारखं असतं. एक टोक लोखंडाला घट्ट धरतं, मुळासारखं. दुसरं टोक तेलात वर राहतं, पातीसारखं, आणि त्या टोकाला पाण्याचं वावडं. अशी रोपं शेजारी शेजारी दाट उभी राहिली की खालचा चिखल दिसतो का?"

"न्हाई दिसत."

"तसं पाण्याला लोखंड दिसता कामा नये."

मागे उभ्या असलेल्या रंजनाने विचारलं, "आन् मदी जागा ऱ्हायली तर?"

"तिथं लाल येणार."

"म्हंजी आमच्या खाचरात तण येतंय तसं."

"हिला कळलं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी हिला विचारा."

ही रंजना वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली. रोज टेम्पोने चेलाडी फाट्याला उतरून यायची. वस्तीवरच्या बौद्ध कुटुंबातली, घरात सासू आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. भाताचं एक पीक सोडलं तर घरात येणारा पगार तिचाच. तिला कामावर घेताना बाईंनी तिचाही हात बघितला होता आणि "घाम फार येतो का?" असं विचारलं होतं. रंजनाने खरं सांगितलं होतं. आधीच्या कंपनीतून तिला याच कारणावरून कमी केलं होतं. काही माणसांच्या घामात मीठ आणि आम्ल जास्त असतं. त्यांचं बोट जिथे टेकेल तिथे पोलादावर आठवडाभरात बोटाचाच ठसा लाल होऊन उठतो. हातमोजे आमच्याकडे असतात, पण पिशवीचं तोंड बंद करताना ते काढावेच लागतात. बाईंनी तिला तरीही घेतलं. साहेबांना म्हणाल्या, "हात धुवायला लावू. बाकी माझं मी बघते."

वेल्ह्याकडून येणाऱ्या बायकांचा बाईंना आणखी एक उपयोग होता. आमच्या लॅबमध्ये गंजाच्या चाचणीसाठी वाफेची एक पेटी आहे. गरम पाणी, दमट हवा, आत टांगलेल्या पोलादी पट्ट्या. पण बाईंचा त्या पेटीवर पूर्ण विश्वास नव्हता. "ही पेटी आहे. पाऊस तिकडे पडतो," म्हणायच्या. पावसाळा लागला की तेलात बुडवलेल्या पट्ट्या त्या या बायकांकडे देऊन पाठवायच्या, घरच्या पडवीत टांगायला. पडवीत कोंबड्या, सरपण, ओली घोंगडी आणि मध्येच दोरीला लोंबणारी एक चकचकीत पट्टी. रंजनाच्या सासूला आधी वाटलं की सूनबाईने काहीतरी तोडगा आणलाय. ती पट्टीला रोज हळद-कुंकू लावायला लागली. दिवाळीला पट्टी परत आली तेव्हा बाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "चाचणी बाद. पण सासूबाईंना सांग, कुंकवाखालचं पोलाद कसं होतं ते या निमित्ताने कळलं."

ते कसं होतं हे त्या वेळी मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते सगळ्यांनाच कळलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर चाकणच्या एका गिऱ्हाइकाकडून मोबाईलवर फोटो आले. पेट्या उघडल्यावर पिनांवर लाल ठिपके. सगळा माल परत येणार होता. साहेबांनी आम्हाला लॅबमध्ये बोलावलं. साहेब, बाई, मी आणि फोरमन नाना. नाना म्हणजे शेड उभी राहिल्यापासूनचा माणूस. सारोळ्याचे. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग कधी जाणार ते सांगायचे. तोंडाने फटकळ, पण कामगाराला ताप आला तर गाडीवर बसवून दवाखान्यात नेणारे.

नानांनी निकाल देऊन टाकला. "साहेब, ह्यात बघायचं काय? पॅकिंगला रंजना. तिचा हात लागला की सोनंबी लाल हुईल. म्या आधीच म्हनलं व्हतं."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. उद्यापासून तिला मालाला हात लावू देऊ नका. महिनाअखेर हिशेब करून टाका."

रंजना दारातच उभी होती. परत आलेल्या मालाची एक पेटी आणून ठेवायला मीच तिला सांगितलं होतं. पेटी तिने टेबलावर ठेवली आणि नानांकडे बघून म्हणाली, "माज्या आज्जीलाबी लोक आसंच म्हनायचे नाना, हात लावू नगं. तवाचं कारण येगळं व्हतं, येवडंच."

 नाना खाली बघायला लागले. बाईंनी पेटी स्वतःकडे ओढली.

"साहेब, कुणाला काढायचं ते माल बघून ठरवू," त्या म्हणाल्या. "आणि 'हात लावू देऊ नका' असं माझ्या लॅबमध्ये कुणी म्हणायचं नाही. हातमोजे घाला म्हणा, हात धुवा म्हणा. वाक्यं पुष्कळ आहेत."

मग त्यांनी सगळ्यांचे अंगठे घेतले. पॅकिंगच्या बायका, मशीनवरचे, मी, नाना, साहेब. प्रत्येकाच्या अंगठ्याचा ठसा एकेका कोऱ्या पट्टीवर, वर आमचंच रस्ट ऑइल, आणि पट्ट्या वाफेच्या पेटीत. साहेबांनी कुरकुर केली. बाई म्हणाल्या, "मालाला तुम्हीही हात लावता. गिऱ्हाईक आलं की पीन हातात घेऊन दाखवता आणि परत ट्रेमध्ये ठेवता. मी बघितलंय."

काही दिवसांनी पेटी उघडली. रंजनाच्या पट्टीवर ठसा उठला होता, रेघ न् रेघ मोजावी असा. साहेबांच्या पट्टीवरही तितकाच लाल. बाकीच्यांच्या किरकोळ. नानांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, आता तुमालाबी महिनाअखेर हिशेब?"

साहेब जरा उशिरा हसले. पण मुद्दा तिथेच होता. रंजनाच्या बोटाने गंज येतो हे आता सिद्धच झालं होतं, आणि साहेब साहेब होते, रंजना कंत्राटावर होती.

त्या दुपारी बाईंनी मला लॅबमध्ये बोलावून भिंग हातात दिलं. परत आलेली एक पीन आणि रंजनाची पट्टी. "बघ आणि सांग."

पट्टीवरच्या डागात बोटाच्या रेघा होत्या. पिनेवरच्या डागात एकही रेघ नव्हती. गोल ठिपके, आणि प्रत्येकाला एका बाजूला बारीक शेपूट.

"हे बोट नाही," मी म्हटलं.

"नाही. हे थेंब आहेत. कुणीतरी शिंपडलंय. आणि कुठल्या पेट्यांत डाग आहेत ते तुझ्या डिस्पॅचला बघ. फक्त दसऱ्याच्या आधी तेलात बुडवून जाळीवर निथळत ठेवलेला माल. आधीचा चांगला, नंतरचा चांगला."

मला लगेच डोळ्यांसमोर आलं. खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. नाना सगळं करतात. बाई दरवर्षी भोरहून झेंडूची फुलं घेऊन यायच्या आणि मागे उभ्या राहून प्रसाद घ्यायच्या. त्या वर्षी नारळ फोडल्यावर नानांनी वाटीत पाणी धरलं आणि झेंडूच्या फुलाने ते मशीनवर शिंपडलं. पाणी उरलं. "मालालाबी लागू दे, त्यो काय परका हाय?" म्हणून निथळत ठेवलेल्या जाळ्यांवरून ते फूल फिरवत गेले. आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. मग दोन दिवस सुट्टी, मग माल पिशव्यांत बंद.

"साध्या पाण्याला आपलं तेल थोपवतं," बाई म्हणाल्या. "नारळाच्या पाण्यात मीठ आहे, साखर आहे. ते सुकून चिकटून बसतं आणि हवेतली ओल ओढत राहतं. रोपं उपटली जातात. रंजनाच्या सासूच्या कुंकवाखाली तेच झालं होतं."

"मग साहेबांना सांगायला हवं."

बाईंनी भिंगाला कापडाची पिशवी घातली, दोरी ओढली. "मी सांगितलं तर मुलाणीबाई पूजेला नावं ठेवतात, असं होईल. आणि नानांनी सांगितलं तर माल कशाने खराब झाला, एवढंच होईल. यादीबाई, एक नारळ आण."

नानांना त्यांनी चहाला बोलावलं. मी तिथेच होते, कारण नारळ मी आणला होता. टेबलावर तेल लावलेल्या दोन पट्ट्या. बाई म्हणाल्या, "नाना, एका पट्टीवर नळाचं पाणी शिंपडा, दुसरीवर हे. फुलानं शिंपडा, तुमच्या हातानं."

नाना तिथेच समजले. त्यांनी वाटी हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजी आमचं पाणी नडलं?"

"मला अजून माहीत नाही. पट्टी सांगेल."

पट्टीने आठवड्यात सांगितलं. नाना रोज येऊन पेटीच्या काचेतून बघून जायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी नारळपाण्याची पट्टी स्वतःच बाहेर काढली, ठिपक्यांची शेपटं बघितली आणि तशीच घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आतलं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं, कारण नानांना हळू बोलता येत नाही. "साहेब, त्या बाईचा काय संबंद न्हाई. चूक माजी हाय. तिला काडायची आसंल तर आदी मला काडा."

साहेबांनी दोघांनाही ठेवलं. मात्र बाईंना बोलावून म्हणाले, "या वेळी तिचा हात नव्हता हे ठीक. पण तिच्या ठशाला गंज येतो हे तुमच्याच चाचणीने दाखवलंय. पुढच्या पावसात काय?"

बाईंनाही ते माहीत होतं. हिवाळाभर त्या तेलवाल्या कंपनीच्या मागे लागल्या. घामातलं आम्ल मारणारं आणि बोटाच्या ठशाखाली शिरून मीठ उचलून घेणारं औषध असलेलं तेल त्यांना हवं होतं. नमुने यायचे, आणि बाई शेडमध्ये हाक मारायच्या, "रंजना, अंगठा!" रंजना मशीनपलीकडून ओरडायची, "आले, आले, सातबारा कुठं हाय?" बरेच नमुने तिच्या अंगठ्याने नापास केले. एक टिकला. पेटीत टिकला, पण बाईंना पाऊस हवा होता. जूनमध्ये त्यांनी रंजनाचा ठसा एका पट्टीवर घेतला, ती नव्या तेलात बुडवली आणि तिच्याच हातात दिली.

"पडवीत टांग. सासूबाईंना कुंकू लावू देऊ नकोस. तुझा अंगठा तूच सांभाळ."

तो पाऊस रंजनाने कसा काढला ते तिचं तिला माहीत. तिची सासू मला नंतर सांगत होती की भाताच्या आवणीहून चिखलाने भरून आली तरी ती आधी पट्टीखाली उभी राहायची, मग पाय धुवायची. पट्टी परत आली तेव्हा बाईंनी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी दोन्ही बाजूंनी बघितली. "ठसा कुठाय?"

"तोच तर नाहीय," बाई म्हणाल्या.

रंजना कंत्राटातून कायम झाली. नव्या तेलाचा प्रत्येक ड्रम आधी तिच्या अंगठ्यावर तपासायचा, असा नियम बाईंनी करून घेतला.

पूजा बंद झाली नाही. त्या खंडेनवमीला नाना जरा अवघडून उभे होते, नारळ कुठे फोडावा ते सुचेना. बाई मागून म्हणाल्या, "नाना, शनिवारी मारुतीला काय घालता?"

"त्याल."

"मग मालाला पाणी कशाला?"

नाना इतके मोठ्याने हसले की बाहेरचा टेम्पोवाला आत डोकावला. तेव्हापासून नारळ उंबऱ्याबाहेर फुटतो आणि मालाला वाटीतून तेलाचं बोट लागतं. त्या दिवशी वाटी नानांनी बाईंपुढे धरली, मान म्हणून. बाईंनी ती रंजनाकडे दिली. "हिला लावू दे. हिच्या बोटाखाली टिकलं तर कुणाच्याही टिकेल."

ठसा न उठलेली ती पट्टी रंजना परत घेऊन गेली होती. दर दसऱ्याला तेलात बुडवून पुन्हा पडवीत टांगायची.

बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे श्रीवर्धनला राहायला निघाल्या. "गंजाच्या माहेरी चाललेय," म्हणत होत्या. "समुद्राचा वारा, मीठच मीठ. तिथल्या खिडक्या कशा असतील देव जाणे." रंजना आणि मी त्यांना पोचवायला भोरच्या स्टँडवर गेलो. सामान चढवून झालं, महाडची गाडी सुरू झाली, तेव्हा रंजनाने पिशवीतून तेलकट कागदाची पुडी काढून खिडकीतून आत दिली.

"ही तुझी आहे ना गं?" बाई म्हणाल्या.

"सांभाळ म्हनला व्हता, सांभाळली. आता तितं समुद्रावर टांगा."

गाडी हलली. आम्ही हात हलवला. बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कागद सोडला होता आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरून दोरीच्या भोकाची कड नखाने खरवडून बघत होत्या. गंज येतो तो आधी भोकाच्या कडेला, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. गाडी स्टँडच्या दारात वळली तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"नाही आला गं!"

"मला ठाव हाय!" रंजना ओरडली.

तिला दुपारची शिफ्ट गाठायची होती. आम्ही कापूरहोळची गाडी बघायला वळलो.